कुत्र्याला घेऊन भाट्याला

कुत्र्याला घेऊन कोकणात जायचं ठरलं की घरात आधी ठिकाणांची यादी निघते. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जमलं तर विजयदुर्गसुद्धा. माणसांना ही यादी झेपते. कुत्र्याला मात्र यातलं एकही नाव ठाऊक नसतं आणि दर दोन तासांनी गाडीत चढ, उतर, पुन्हा चढ यात त्याला काही रस नसतो. त्याला हवा असतो ओला किनारा, सावली, पाणी आणि संध्याकाळी परतायला सकाळचीच ओळखीची जागा. म्हणून यादी निम्मी करा आणि एका गावात बस्तान मांडा. गाडी दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर फिरली तरी पुष्कळ झालं.

बस्तान मांडायला भाट्ये फार सोयीचं आहे. रत्नागिरी शहरातून दक्षिणेला निघालात की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल लागतो आणि पूल संपताच उजव्या हाताला सुरूचं बन. त्यामागे दीडेक किलोमीटरचा सरळसोट, सपाट किनारा. दक्षिणेच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी झरीविनायकाचं देऊळ. रस्त्यालगत कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. त्याची झाडं पाहायला सुंदर आहेत, पण ती प्रयोगाची झाडं आहेत, कुत्र्याला मोकळं सोडायची बाग नव्हे. भाट्याचा खरा फायदा निराळाच. किनारा गावचा, पण शहर पुलापलीकडे. औषधाचं दुकान, पशुवैद्य, पेट्रोल, गाडीचा मेकॅनिक, सगळं दहा-पंधरा मिनिटांवर. दूरच्या एखाद्या निर्जन पुळणीवर कुत्र्याच्या पायात मासळीचा काटा रुतला की या दहा-पंधरा मिनिटांची किंमत कळते.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात समुद्र अंगावर येतो, साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि भिजलेला कुत्रा चार-चार दिवस वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो, विहिरी आटलेल्या असतात आणि ज्याच्याकडे उतरलात त्याच्याकडे कुत्रा धुवायला पाणी मागायची तुम्हालाच लाज वाटते. नाताळचा आठवडा टाळा. तेव्हा किनाऱ्यावर वाळूपेक्षा गाड्या जास्त दिसतात.

निघण्याआधी पशुवैद्याकडे एक फेरी मारा. रेबीजची लस चालू असायला हवी. एकत्रित लशीत लेप्टोचा भाग आहे ना, हे विचारून घ्या. गोचिडांसाठी गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध निघायच्या दोन दिवस आधी द्या, पोचल्यावर नव्हे. लसीकरणाचं पुस्तक बरोबर घ्या आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला लावा. गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी उलटीचं औषधही याच फेरीत विचारा. माणसाच्या गोळीचा तुकडा मनाने देऊ नका.

मुंबईहून रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि महामार्गावरून हातखंब्याला वळायचं असतं. ते अंतर एका दमात तोडू नका. कोल्हापूरहून आंबा घाटाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतात, पण घाटाची वळणं कुत्र्याच्या पोटाला मानवत नाहीत. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. घाटात माकडं जिथे बसलेली असतात तिथे थांबू नका. खाली उतरलेला कुत्रा कठड्यावरच्या वानराकडे झेपावतो आणि कठड्यापलीकडे दरीच असते. मागच्या सीटवर हार्नेस पट्ट्याला अडकवलेला असावा किंवा कुत्रा क्रेटमध्ये असावा. खिडकीतून डोकं काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यात जाणारी धूळ आणि शेजारून घासून जाणारी एसटी फोटोत येत नाही.

भाट्याला पोचलात की घड्याळ बाजूला ठेवा आणि पंचांग उघडा. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते. घड्याळाशी अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला जायला एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

कुत्रा बरोबर असला की या हिशेबाला फार अर्थ येतो. उन्हामुळे त्याला फिरवायच्या वेळा दोनच, भल्या सकाळी आणि सूर्यास्ताच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येला नेमकी त्याच वेळेला ओहोटी असते, तीही उधाणाची. पाणी लांब मागे गेलेलं असतं आणि घट्ट, ओली, थंड वाळू उघडी पडलेली असते. पुढे चतुर्थीपर्यंत सकाळ अशीच मिळते. सप्तमी ते दशमीला मात्र उलटं होतं. सकाळी सहा-सातला पाणी पुळणीच्या वरपर्यंत आलेलं असतं आणि तुमच्या वाट्याला भुसभुशीत वाळूची पट्टी उरते. त्यात चालून म्हातारा लॅब्रॅडॉर अर्ध्या तासात बसकण मारतो. हॉटेलच्या बुकिंगआधी तिथी बघा, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या.

याच हिशेबाची दुसरी बाजू खाडीच्या तोंडाशी दिसते. उधाणाच्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत खाडीतलं पाणी समुद्राकडे जोरात ओढत असतं. भाट्याच्या उत्तर टोकाला, पुलाच्या बाजूला, ते वरून संथ दिसतं. तिथे चेंडू टाकू नका. कुत्रा पोहतो म्हणून निर्धास्त राहणारे बहुतेक लोक तळ्यातल्या पोहण्यावरून अंदाज बांधत असतात. पाण्यात खेळवायचं तर किनाऱ्याच्या मधल्या भागात, पोटापर्यंत येईल इतक्याच पाण्यात, लांब दोरीला बांधून. लाटांशी खेळता खेळता कुत्री खारं पाणी पितात. थोडं प्यायलं तर जुलाब होतात. जास्त प्यायलं तर रक्तातलं मीठ वाढून उलट्या, तोल जाणं, झटके इथपर्यंत मजल जाते. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी हातात ठेवा, गाडीत नव्हे. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर बोलवून पाजा. चेंडू तोंडात धरून धावणारा कुत्रा नकळत जास्त पाणी गिळतो, त्याला वाळूवरच खेळवा.

किनाऱ्यावर काय काय पडलेलं असतं हे एकदा कुत्र्याशिवाय फिरून बघा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की निवडून उरलेली मासळी तिथेच टाकली जाते. त्यात शिंगाळा असतो. त्याचा काटा वाळल्यावर खिळ्यासारखा उभा राहतो आणि पंज्यात सरळ घुसतो. पाकटाची नांगीही तशीच. सगळ्यात वाईट केंड. फुग्यासारखा फुगणारा हा मासा कोळी खात नाहीत आणि तो मेल्यावर वाळूवर निरुपद्रवी दिसतो. त्याच्या यकृतात आणि अंड्यांत असलेलं विष शिजवूनही जात नाही, त्यावर उतारा नाही. कुत्र्याने केंड चघळला असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे निघा, शक्य तर मासा पिशवीत घालून. जेलीफिश मेलेली असली तरी नाकाला झोंबते. तुटलेल्या जाळ्यांचे नायलॉनचे गुंते आणि त्यातले गळ वेगळेच. यासाठी एकच सवय घरून लावून न्यावी, ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातली वस्तू सोडायची. ‘बस’ आणि ‘शेकहँड’ नाही आले तरी चालेल.

गावची कुत्रीही असतात. किनारा त्यांचा आहे, तुमचा कुत्रा परका. चारपाच जण भुंकत येतात तेव्हा धावू नका आणि आपल्या कुत्र्याला उचलून छातीशी धरू नका. मोठ्या कुत्र्याला उचलताना माणूस पडतो आणि लहान कुत्र्यासाठी बाकीची अंगावर उड्या मारतात. पट्टा आखूड धरा, त्यांच्या हद्दीतून तिरकं, सावकाश बाहेर पडा. चहाच्या टपरीवर दोन दिवस बिस्किटं टाकली की तिसऱ्या दिवशी ती ओळखीची होतात. हा उपाय पुस्तकी नाही, पण चालतो.

कोकणाचा उन्हाळा तापमानात मोजता येत नाही. रत्नागिरीत पारा बत्तीस-तेहतीसवर असतो आणि सोलापूरचा माणूस हसतो, ‘हे काय ऊन!’ पण कुत्रा घामाने नाही, धापा टाकून थंड होतो. जिभेवरचं पाणी उडून गेलं तरच अंग निवतं आणि दमट हवेत ते उडत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची यात सगळ्यात वाईट गत होते. त्यांना दहानंतर बाहेर काढूच नका. हाताची मागची बाजू वाळूवर किंवा डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर पंज्यालाही सोसवणार नाही. आणि बंद गाडी! बाहेर तीस अंश असताना उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत चाळिशीला पोचते. ‘जरा नारळ घेऊन येतो’ म्हणायला दहा मिनिटं पुरतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस असतं. ते एक्केचाळीसच्या पुढे गेलं की अवयव निकामी होऊ लागतात. जोराच्या धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, डगमगणारी चाल दिसली की सावलीत न्या. विहिरीचं साधं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पंज्यांवर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन ऊब धरतो. मग एसी लावून थेट दवाखान्यात. तो सावरल्यासारखा दिसला तरी न्या. रत्नागिरीत सरकारी पशुचिकित्सालयही आहे आणि खासगी डॉक्टरही. त्यांचे नंबर पोचल्याच्या दिवशीच घेऊन ठेवा. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी विचारायला उपयोगी पडतो.

आता रस्ता. भाट्याहून दक्षिणेला जाणारी वाट चढून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, येते आणि फणसोपवरून पावसकडे जाते. आंबराया, जांभ्याचे गडगे, मध्येच खाली चमकणारा समुद्र. पावस वीस किलोमीटरच्या आत आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात कुत्रा नेता येणार नाही हे उघड आहे. दोघांनी पाळीपाळीने दर्शन घ्यावं, एकाने सावलीत कुत्र्यापाशी थांबावं. एकट्याने प्रवास करत असाल तर देवळं या वेळेपुरती सोडून द्या. पुढे गणेशगुळ्याला वळता येतं किंवा सरळ पूर्णगडला. मुचकुंदीच्या खाडीच्या मुखावरचा हा किल्ला इतका आटोपशीर आहे की तासाभरात निवांत बघून होतो आणि कुत्र्यालाही झेपतो. जाताना वस्तीतून जावं लागतं. तिथे मासळी वाळत घातलेली असते. ती कुणाची तरी कमाई आहे आणि कुत्र्याच्या दृष्टीने ती मिठाने भरलेली आहे. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरा.

खाडीचा पूल ओलांडला की गावखडी. सुरूचं बन आणि रिकामा किनारा पाहून पट्टा सोडायचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो आणि इथेच तो सोडायचा नाही. गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यात मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. गावातली माणसं वनखात्याबरोबर घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत हलवतात, कारण कोल्हे आणि कुत्री ती वास काढत उकरतात. म्हणजे आपण फिरायला जातो तो हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे, पण वाळू उकरायला आवडणाऱ्या तुमच्या बीगलला हे कोण समजावणार? नोव्हेंबर ते मे या काळात गावखडीला जायचं तर दिवसाउजेडी, ओल्या वाळूवरून, पट्ट्यात. रात्री अजिबात नाही. पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम पाहायचा असेल तर कुत्रा खोलीवर ठेवून या. भाट्याच्या खाडीमुखाशी हिवाळ्यात कुरवांचे थवे उतरतात, त्यांच्यावर कुत्रा सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दलही मला फार प्रेम नाही. लांबचा प्रवास करून आलेले पक्षी विसावलेले असतात.

त्याच्याही पुढे कशेळीचं कनकादित्य मंदिर, देवघळीचा कडा, आडिवऱ्याची महाकाली. कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्तीचं कातळशिल्प आहे. ते जरूर पाहा, पण कुत्र्याला घेऊन नको. सड्यावर सावली नसते, जांभा दुपारी तव्यासारखा तापतो आणि कातळाच्या भेगांत, दगडांखाली फुरसं असतं. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्धच आहे. हा साप वितीदीडवितीचा, दगडाच्या रंगाचा, अन् कुत्रा नाक पुढे करूनच तपास करतो. दंश झाला तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नको. सर्पविषावरची लस टोचेपर्यंतचा वेळ कमी करणं एवढंच हातात असतं.

उत्तरेची बाजू थोडक्यात. आरे-वारेचा रस्ता देखणा आहे, पण गाड्या वेगात असतात. दार उघडण्याआधी पट्टा हातात आहे ना ते पाहा. गणपतीपुळ्याच्या गर्दीत कुत्र्याला नेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जयगडहून फेरीने तवसाळला उतरा आणि हेदवी-गुहागरचा एक दिवस करा. फेरीत कुत्रा गाडीतच बसलेला बरा, काचा उघड्या ठेवून तुम्ही शेजारी उभे. भोंगा वाजला की बिथरतो.

राहण्याचं बोलताना ‘पेट फ्रेंडली आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. घरगुती सोय असेल तर फोनवर सरळ सांगा: कुत्रा एवढा मोठा आहे, घरात राहतो, भुंकतो किंवा भुंकत नाही. आणि विचारा: कोंबड्या मोकळ्या असतात का, गोठा जवळ आहे का, मांजर आहे का, मागीलदारी विहिरीला कठडा आहे का? काही घरांत स्वयंपाकघराकडे कुत्रा आलेला चालत नाही आणि ते त्यांनी सांगण्याआधी आपण विचारलं तर काकूंचा चेहरा खुलतो. स्वतःची चादर न्या, केस झाडायला झाडू मागून घ्या, विष्ठा पिशवीत उचला, आगरात पुरू नका. किनाऱ्यावरही हाच नियम.

रात्री कुत्र्याला खळ्यात किंवा पडवीत बांधू नका. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. या जिल्ह्यात बिबट्या वस्तीच्या कडेने फिरतो आणि साखळीला बांधलेला कुत्रा त्याला आयता मिळतो. ‘आमच्याकडे इतक्या वर्षांत आला नाही’ असं यजमान म्हणाले तरी खोलीतच झोपवा. पहाटेची शू करायला नेताना विजेरी हवी, बागांच्या कडेच्या झाडीत शिरायचं नाही. डुकरांसाठी लावलेले फासे कुठे असतील ते सांगता येत नाही.

खाण्याचे हाल करू नका. घरचंच कोरडं अन्न मोजून न्या. कमी पडलं तर बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं, थोडं दही. आमटी-सार नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ताटातला बांगडा काट्यासकट टाकू नका. उन्हाळ्यात गेलातच तर हापूसची फोड चालेल, कोय मात्र नाही. ती गिळली की आतड्यात अडकते आणि सुटायला ऑपरेशनच लागतं. काजूच्या बागेत पडलेली ओली बी चावली तर टरफलातलं तेल तोंड भाजून काढतं. शहाळ्याचं पाणी थोडं द्यायला हरकत नाही.

दर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, आधी पंजे आणि बोटांमधली जागा, मग पोट, शेवटी कानांची पाळी. कानात पाणी जाऊ देऊ नका. खारं पाणी आणि वाळू अंगावर तशीच राहिली की दोन दिवसांत खाज सुटते. एक बादली पुरते. नळी लावून आंघोळ घालायची असेल तर आधी विचारा. टॉवेलने पुसताना बोटं फिरवत गोचीड शोधा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, जाळू नका, बोटांनी चिरडू नका.

घरी परतल्यावरही तीन-चार आठवडे हा तपास चालू ठेवा. गोचिडामुळे होणारे ताप लगेच दिसत नाहीत. आठवडा-दोन आठवडे कुत्रा ठणठणीत असतो आणि मग जेवण सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी गडद होते. असं काही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही रत्नागिरीला जाऊन आलो आहोत.